मनीप्लांटची नवी कुंडी

तुम्ही सगळ्या माझ्या मनीप्लांटला हसता ना, मग हे ऐकाच. आमच्या शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये तो वेल खिडकीवरून पडद्याच्या दांडीवर आणि तिथून थेट फ्रिजपर्यंत पोचला होता. कुंडीत मात्र माती उरलीच नव्हती, नुसत्या मुळ्या. शेजारच्या तिवारी भाभी म्हणाल्या, "काटना पड़ेगा. ऐसे ही हिलाया तो मर जाएगा, लिख के ले लो."

कापायचा? माझा वेल? मी आमच्या यांना स्टुलावर उभं केलं, अख्खा वेल हारासारखा गळ्यात घातला आणि बजावलं, "हलायचं नाही."

"अगं, नाक खाजतंय."

"खाजू दे."

खाली बसून मी बत्त्याने कुंडी फोडली, मुळ्या बोटांनी हळूहळू मोकळ्या केल्या आणि शेणखत घातलेल्या मातीत वेल बसवला. एक पान तुटलं नाही!

तरी भाभी यायच्या, पानं निरखायच्या आणि "अभी पता नहीं चलेगा" म्हणून जायच्या. पावसाळ्यात तर तळहाताएवढी पानं आली.

आता मनीप्लांट चोरून आणला तरच फोफावतो, हे आमच्याकडे सगळेच मानतात. मागून कोणी नेत नाही. परवा भाभी चहा अर्धा टाकून घाईघाईने उठल्या. दारापर्यंत पोचल्या, तर त्यांच्या पदराखालून दोन हिरवीगार पानं डोकावत होती.

हे माझ्या कानात कुजबुजले, "थांबवू का त्यांना?"

मी म्हटलं, "गप्प बसा! मेलेल्या वेलाची कोणी चोरी करतं का?"