महापौरांना जागा हवी

(जर्मनीतल्या हेर्ने गावात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दिवाणखान्याची एक भिंत माशाच्या टाकीने व्यापलेली. गिसबर्ट वोल्नी, वय एकाहत्तर, निवृत्त क्रेनचालक. त्याची मुलगी आल्मुट, शहर बस चालवते. आणि पाहुणी रोस्वीथा डोंब्रोवे, गावच्या मत्स्यपालक मंडळाची अध्यक्ष.)

रोस्वीथा : आणि शेपूट? वळताना शेपूट कुठे ठेवतो तो?

गिसबर्ट : वळतो व्यवस्थित.

रोस्वीथा : वळत नाही, दुमडतो. पंधरा मिनिटं बघतेय मी. आधी नाक काचेला टेकवतो, मग कमरेत मोडतो, मग शेपूट ओढून घेतो. नव्वदीत माझी आई न्हाणीघरात अशीच वळायची. पण तिला निदान दार होतं.

गिसबर्ट : कॉफी घेणार का, डोंब्रोवेबाई?

रोस्वीथा : डोंब्रोवेबाई. ऐकलंस, आल्मुट? वीस वर्षं मला 'ए रोस्वीथा' म्हणणारा माणूस आज अहोजाहो करतोय. म्हणजे लपवण्यासारखं बरंच असणार.

आल्मुट : लपवायला जागा कुठे आहे इथे. टाकी एक मीटर साठ लांब, साठ सेंटिमीटर रुंद. मासा अठ्ठ्याहत्तर.

गिसबर्ट : शहात्तर.

आल्मुट : मोजलास कसा, पप्पा? सरळ असतो का तो कधी?

गिसबर्ट : यांना बोलावलं कुणी, ते सांग आधी.

आल्मुट : मी. गेल्या मंगळवारी त्याने शेपटीने हीटर फोडला, तेव्हाच ठरवलं. डेपोत मी डबा उघडून बसलेय आणि तुझा फोन. 'महापौरांना लागलंय, लवकर ये.' मी तेच मोठ्याने म्हटलं. अख्खी कँटीन माझ्याकडे वळली. एकाने तर बातम्या लावल्या.

रोस्वीथा : महापौर?

गिसबर्ट : मिशा आहेत. पोट आहे. दिवसभर तळाशी पडून असतात, जेवणाच्या वेळी बरोबर वर येतात.

रोस्वीथा : बरं. मी जरा काही वाचून दाखवते. आपल्या मंडळाचं पत्रक आहे, नवशिक्यांसाठी. अजून वाटतो आम्ही. 'मोठा मासा घेण्यापूर्वी'.

गिसबर्ट : माहीत आहे मला.

रोस्वीथा : आल्मुटला कुठे माहीत आहे. 'मासा टाकीच्या मापाने वाढतो, ही दुकानदारांची थाप आहे. लालशेपट्या कॅटफिश मीटरभर वाढतो आणि तुमच्या कुत्र्यापेक्षा जास्त जगतो. त्याला अंग न मोडता वळता आलं पाहिजे. ज्याच्याकडे तेवढी जागा नाही, त्याने माशाचं चित्र विकत घ्यावं आणि भिंतीला लावावं.'

आल्मुट : कोण लिहितं असलं?

रोस्वीथा : नावही छान ठळक छापलंय. गिसबर्ट वोल्नी, चिटणीस.

आल्मुट : पप्पा.

रोस्वीथा : चित्राचं वाक्य लोकांना फार आवडतं. एका बाईंनी तर खरंच चित्र विकत घेतलं.

गिसबर्ट : झालं वाचून? दुकान बंद होत होतं. स्टेशनजवळचं. शेवटचा दिवस. सगळ्या टाक्या रिकाम्या आणि एका कोपऱ्यात हा, आठ सेंटिमीटरचा. करंगळीएवढा. मी आपला एक पंप घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, संध्याकाळी टाक्या उपसणार, याचं काय करायचं ते तेव्हा बघू. मी म्हटलं, दोन महिने ठेवतो, जागा शोधतो.

रोस्वीथा : त्या दोन महिन्यांना आता किती वर्षं झाली?

गिसबर्ट : सहा.

रोस्वीथा : भराभर जातात महिने.

गिसबर्ट : अकरा प्राणिसंग्रहालयांना फोन केले मी. एक बाई म्हणाली, लालशेपट्या ना, या आठवड्यातले तुम्ही तिसरे. दुसरीकडे एकाने विचारलं, मगरीच्या खाद्यात चालेल का. तो थट्टा करत होता की नाही, ते अजून कळलेलं नाही मला.

रोस्वीथा : अकरा फोन. आणि मंडळाला?

गिसबर्ट : तेव्हा गुडघा दुखत होता.

आल्मुट : फोन गुडघ्याने करायचा नव्हता, पप्पा.

रोस्वीथा : नाही, नाही, खरंच दुखत असणार. राजीनाम्याच्या पत्रात लिहिलं होतं त्याने. 'गुडघ्यामुळे यापुढे येणं जमणार नाही.' आम्ही वर्गणी काढून फुलं पाठवली.

गिसबर्ट : मिळाली.

रोस्वीथा : गुडघ्याला शुभेच्छाही होत्या त्यात.

गिसबर्ट : मिळाली म्हटलं ना. दर महिन्याला आपण कुणाकुणाच्या घरी टाकी बघायला जायचो. पुढच्या वसंतात माझी पाळी होती. हा तोवर चाळीस सेंटिमीटरचा झाला होता. काय दाखवणार होतो मी तुम्हांला? तुला.

रोस्वीथा : हाच दाखवला असतास.

गिसबर्ट : आणि तू पत्रक वाचून दाखवलं असतंस.

रोस्वीथा : अर्थात. आणि मग दुसऱ्या दिवशी फोन करत बसले असते. त्यातली दुसरी गोष्ट तू सहा वर्षं लांबवलीस, पहिली काही चुकली नाही.

आल्मुट : मोठी टाकी बांधणार होता तो. दर नाताळात नवा नकाशा काढतो.

गिसबर्ट : पाच मीटर लांब, अडीच रुंद, मीटरभर पाणी. गणित पक्कं आहे.

रोस्वीथा : साडेबारा टन. नुसतं पाणी. तिसऱ्या मजल्यावर. खालच्या बाईंना विचारलंस का, पोहता येतं का त्यांना?

गिसबर्ट : तळमजल्यावर बांधणार होतो.

रोस्वीथा : तळमजल्यावर दाताचा दवाखाना आहे.

गिसबर्ट : ते कधीतरी जागा सोडतील.

आल्मुट : सहा वर्षं तो त्या दातवाल्याच्या निवृत्तीची वाट बघतोय, रोस्वीथा. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

रोस्वीथा : गिसबर्ट, चाळीस वर्षं क्रेन चालवलीस तू. टन म्हणजे काय, हे मी शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईने तुला सांगायचं?

गिसबर्ट : मग काय करू?

रोस्वीथा : डॅटेलनच्या पलीकडे हायनर ब्योकमन म्हणून शेतकरी आहे. शेण आणि मका कुजवून गॅस करतो, त्यावर वीज करतो. यंत्राची ऊब फुकट जाते म्हणून त्याने जुन्या गोठ्यात हौद बांधलाय. बारा मीटर लांब, सहा रुंद, दोन खोल. बारा महिने कोमट. तुझ्या महापौरांसारखे चार जण आहेत तिथे. चौघांचेही मालक पुढच्या वर्षी मोठी टाकी बांधणार होते.

गिसबर्ट : आणि तो असाच घेतो? कुणाचाही?

रोस्वीथा : मी सांगितलं तर घेतो. एक अट आहे. मासा परत मागायचा नाही.

गिसबर्ट : आणि नाही दिला तर?

रोस्वीथा : पाठ बघ त्याची. इथे, कल्ल्यामागे. ही वळी जन्मताना नव्हती. अजून दोन वर्षं तो असाच दुमडेल. मग तो खाणं सोडेल आणि तू मला फोन करशील. मी येईन. पण तेव्हा मी जे करायला येईन, त्यासाठी पत्रक लागणार नाही.

आल्मुट : पप्पा?

गिसबर्ट : शनिवारी नको. शनिवारी त्याला कोळंबी असते.

रोस्वीथा : मग शनिवारीच. नेण्याआधी तीन दिवस उपाशी ठेवायचा असतो. तुझ्याच पत्रकाचं पान चार.

* * *

आल्मुट : पप्पा, जिन्यातून बाजूला हो. मंडळाची दोन माणसं टब धरून उभी आहेत आणि तू मध्ये.

गिसबर्ट : झाकण नीट बसलंय का, ते बघतोय.

रोस्वीथा : सातव्यांदा.

गिसबर्ट : आतली हवा चालू आहे ना? पंपाची बॅटरी नवी आहे?

रोस्वीथा : नवी आहे. पाणी तुझ्याच टाकीतलं आहे. आणि त्याला झोळीतून उचलताना त्याने माझ्या थोबाडीत शेपूट मारलीय, त्यामुळे तब्येतीचीही काळजी नको.

आल्मुट : दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून विचारतायत, कोण गेलं म्हणून.

गिसबर्ट : काय सांगितलंस?

आल्मुट : महापौर. त्यांनी छातीवर क्रूस काढला.

रोस्वीथा : मतं दिली असतील त्यांनी. चला, वळणावर टब तिरपा करायचा नाही. गिसबर्ट, तू पुढे बस, आल्मुटशेजारी.

गिसबर्ट : मी मागे बसतो. टबाजवळ.

रोस्वीथा : व्हॅनला मागे सीट नाही.

गिसबर्ट : मग जमिनीवर बसतो.

आल्मुट : बसू दे त्याला. नाहीतर अख्खा रस्ता मान मागे करून बसेल आणि आखडलेली मान माझ्या गळ्यात पडेल.

गिसबर्ट : ब्रेक हळू लाव.

आल्मुट : एकोणीस वर्षं बस चालवतेय मी, पप्पा. रोज हजार माणसं नेते.

गिसबर्ट : माणसं दांडा धरतात. त्याला धरायला काही नाही.

आल्मुट : बरं. हळू लावते.

* * *

रोस्वीथा : ब्योकमन विचारतोय, सूप घेणार का. तिकडे त्याच्या घरात सगळे जेवायला बसलेत, आणि तू इथे हौदाच्या कठड्यावर कोरड्या कपड्यांची वाट लावत बसलायस.

गिसबर्ट : दीड तास झाला. बघ जरा. त्या भिंतीपासून निघतो. इथपर्यंत येतो. थांबतो. दुमडतो. परत जातो.

आल्मुट : समोर तर काहीच नाही. नुसतं पाणी आहे.

गिसबर्ट : एक मीटर साठ. मोजून घ्या. इंचभर पुढे जात नाही.

आल्मुट : त्याला दिसत नाही का, काच नाहीये ते?

गिसबर्ट : काच आहे, आल्मुट. मी लावलीय. सहा वर्षं बसून.

आल्मुट : रोस्वीथा, तू बोल काहीतरी. काहीतरी खोचक बोल.

रोस्वीथा : पहिला मासा आणला तेव्हा त्याला पूर्ण हौदात फिरायला पाच आठवडे लागले, असं ब्योकमन म्हणतो. दुसऱ्याला दोन. एक अजून कोपऱ्यातच आहे.

गिसबर्ट : किती दिवस?

रोस्वीथा : वर्ष होईल.

आल्मुट : यापेक्षा खोचक चाललं असतं.

गिसबर्ट : मी घेऊन जात नाही त्याला. तसं नाही म्हणत. पण दर बुधवारी येऊन बसलो तर चालेल का, विचार त्याला.

रोस्वीथा : चालेल. पण बस डॅटेलनपर्यंतच येते. तिथून चार किलोमीटर मक्यातून चालत. गुडघ्याचं काय?

गिसबर्ट : गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं.

रोस्वीथा : हो का. फुलांचे पैसे मंडळाला परत कर मग. शुक्रवारी बैठक आहे, तेव्हाच दे. आता तुझ्या टाकीत मासाच नाही, त्यामुळे कुणाला काही दाखवायची भीती नाही.

गिसबर्ट : त्यांना काय सांगू?

रोस्वीथा : काही सांगू नकोस. खुर्च्या मांडायला माणूस कमी आहे.

आल्मुट : सूप गार होतंय.

गिसबर्ट : तुम्ही जा. हा अजून एकदा इकडे येतोय.

* * *

आल्मुट : किती वाजले बघितलंस? मी स्वयंपाकघरात बसून तासभर वाट बघतेय. बटाटे दोनदा गरम केले.

गिसबर्ट : बस चुकली. पुढची पकडली.

आल्मुट : तुझी बस चुकली? तू, जो दहा मिनिटं आधी थांब्यावर उभा राहून मला फोनवर सांगतोस, तुमची गाडी वेळेवर नाही म्हणून.

गिसबर्ट : बघत बसलो, वेळ कळला नाही.

आल्मुट : आज नववा बुधवार. कोपऱ्यातच आहे ना अजून?

गिसबर्ट : माहीत नाही.

आल्मुट : माहीत नाही म्हणजे? दिसला नाही?

गिसबर्ट : नाही.

आल्मुट : पप्पा, काही झालं का त्याला?

गिसबर्ट : सकाळी खाऊन गेला, असं ब्योकमन म्हणाला. पाणी चहासारखं तपकिरी झालंय, लाकडं टाकलीत ना त्याने आत. कोपऱ्यात बघितलं, नव्हता. भिंतीच्या कडेने एक फेरी मारली. मग दुसरी. मध्ये एकदा पार त्या टोकाला मोठं पाणी उसळलं. तो होता का दुसरा कुणी, इकडून कळेना. तिकडे गेलो तोवर काही नाही.

आल्मुट : किती वेळ बसला होतास?

गिसबर्ट : तीन तास.

आल्मुट : तीन तास बसून मासा दिसला नाही, बस चुकली, बूट चिखलाने भरलेत. आणि घरात आल्यापासून हसतोयस.

गिसबर्ट : बारा मीटर आहे ते, आल्मुट. एवढा मोठा मासा, आणि सापडत नाही.