डब्याच्या पायाखाली चप्पल

आणि मला म्हणतात, आवाज तुमच्या कानात आहे. माझ्या कानात! चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होतो मी, तुम्हाला सांगतो, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, आतली तिसरी बेरिंग गेलीय, खोला. खोललं की तिसरीच निघायची. शाळेत मी चौथीत बसलो तो तिथूनच उठलो, वाचता येतं ते दुकानाच्या पाट्यांपुरतं, पण अजूनही मालक दर गुरुवारी मला न्यायला गाडी पाठवतो. का? माझं थोबाड बघायला? मशीनला कान लावायला. त्याच कानात म्हणे घूंऽऽ वाजतं. माझ्या कानात काही नाही, एवढं आधी ऐकून ठेवा, मग पुढचं सांगतो.

झालं काय, सून घरबसल्या घरांचे नकाशे काढते, कंप्युटरवर. नवा आणला. वर पडदा, शेजारी गुडघ्याएवढा डबा. त्याला सीपीयू म्हणतात, मी डबाच म्हणतो, पत्र्याचा आहे, आत पंखे आहेत, उगाच मोठं नाव कशाला. तो डबा टेबलावर, आणि टेबल कुठे? बाहेरच्या खोलीला भिंती चार, मोजल्यात मी. तीन सोडून नेमकं त्या भिंतीला, जिच्यापलीकडे माझ्या खाटेचं उशाकडचं टोक येतं. का बरं? तर सूनबाई म्हणाली, "बाबा, प्लग तिथेच आहे ना." प्लग. असेल बुवा. दोन दिवस मी त्या प्लगकडे बघत होतो, आधीपासून होता की नंतर बसवला, काही केल्या आठवेना.

दुपारी जेवून जरा आडवा झालो की सुरू. घूंऽऽ... उशीतून येतो. मध्येच घर्रर्र, परत घूंऽऽ. मुलाला सांगितलं. त्याने भिंतीला कान लावला, डोळे वर केले, डॉक्टरसारखं "हं" केलं आणि म्हणाला, "बाबा, वयानं होतं असं. कानात वाजतं काही जणांच्या." सुनेला विचारावं तर तिच्या दोन्ही कानांवर त्या काळ्या वाट्या, तिच्या डोक्यावर विमान उतरलं तरी ती नकाशाच काढेल. राहिली आमची ही. ही म्हणते, "मला तर बाई तुमचं घोरणंच ऐकू येतं. ते थांबलं की मग सांगते."

बरं, एवढ्यावर थांबले? त्याच संध्याकाळी माझ्या चहात साखर. दोन चमचे, न मागता. सहा महिने फिका पाजला आणि आज एकदम माया? मी घोट घेतला, म्हटलं बघू काय निघतंय. निघालं ना. मुलगा म्हणाला, "कानाच्या डॉक्टरकडे शनिवारची वेळ घेतलीय, बाबा. नुसतं दाखवून येऊ."

नुसतं दाखवून. असंच सुरू होतं, तुम्हाला सांगतो. आधी कानाचा डॉक्टर, मग डोळ्यांचा, मग डोक्याचा, आणि शेवटी तिघं मिळून ठरवतात की बाबांना आता एकटं बाहेर सोडायचं नाही. आणि कानात यंत्र घातलेला फिटर मशीनला कान लावतोय हे मालकाने बघितलं तर? गुरुवारची गाडी बंद. गुरुवार गेला तर माझ्या आठवड्यात उरतं काय? सहा वार, सहाही हिचे.

शुक्रवारी सून बाजारात गेली. डबा चालूच. जाताना म्हणाली, "नकाशा शिजत लावलाय, तासभर लागेल, हात लावू नका." नकाशा शिजतो हे मला नवीन होतं, पण हात मी लावलाच नाही, स्क्रू ड्रायव्हर लावला. पाच मिनिटांत पत्ता लागला. एका पंख्याच्या पात्यांवर धूळ बसून तो झुकला होता, बाजूचा पत्रा सैल होता, आत एक तबकडी फिरत होती, आणि या सगळ्यांचा हादरा डब्याच्या चार पायांतून टेबलात, टेबलातून भिंतीत, भिंतीतून खाटेत, खाटेतून या कानात. वाट सापडली. माझ्या कानात काही नाही.

आता आमच्या कारखान्यात एकच कायदा, हलतं ते आवळ. मी काय केलं, माळ्यावरून माझी पेटी काढली, डब्यावरून लोखंडी पट्टी घेतली, पट्टी बोल्टने टेबलाला, टेबल दोन लोखंडी कोनांनी भिंतीला. असं आवळलं, असं आवळलं, की शेवटचा आटा फिरवताना माझ्याच कवळीतून आवाज आला.

आणि काय सांगू... सगळी भिंत बोलायला लागली. घूंऽऽचं घूऽऽम झालं. स्वयंपाकघरात फळीवरची ताटं थरथरायला लागली, तांब्या चालत चालत कडेला आला. आमची ही हातात झाकण घेऊन बाहेर. "अहो, भूकंप आहे की तुम्ही आहात?"

मी म्हटलं, "ऐकू आलं?"

"बहिऱ्यालाही येईल."

"मग आता सांग, कोणाच्या कानात आहे?"

तशी ती झाकण घेऊन परत आत गेली. जाऊन तिने आधी तो तांब्या खाली काढून ठेवला. मी खुर्चीत बसून राहिलो, ताटं वाजतायत, मी ऐकतोय.

सून आली, दारातच पिशवी ठेवली, वर बघितलं, खाली बघितलं. "बाबा, आधी नुसता डबा वाजत होता. आता तुम्ही घर जोडलंत त्याला."

चुकलं होतं, कबूल. कारखान्यात मशीनखाली दीड हात काँक्रीट असतं, ते हादरा गिळतं. इथे खाली पोकळ लाकूड. मी मशीन ढोलावर आवळून बांधलं होतं. हे मात्र मी घरात कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय.

नकाशा शिजल्यावर तिने डबा बंद केला, पट्टी काढली. पंखा मी माझ्या दाढीच्या ब्रशने झाडला. तबकडीच्या स्क्रूंखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर घातले, पत्रा बसवून आवळला, माझी जुनी रबरी चप्पल कापून चार पायांखाली चार तुकडे दिले, आणि टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. म्हटलं, लाव.

काहीच नाही. "लाव की."

"लावलाय, बाबा. दिवा बघा." तिने वाट्या काढून ऐकलं. "अय्या, हा आवाज होता? मला वाटायचं रोज खाली टेम्पो उभा असतो."

मुलाने माझ्यासमोर डॉक्टरला फोन करून शनिवार रद्द केला. तो फोन खाली ठेवेपर्यंत मी हललो नाही. त्याचा काय भरवसा, नुसतंच हॅलो हॅलो करत असला तर?

मग रविवार. तिघं लग्नाला गेले, मी गुडघ्याचं कारण सांगून राहिलो. जेवलो, आडवा झालो, आणि... घूंऽऽ.

उठलो. डब्यावर हात ठेवला, थंड. प्लग बघितला, काढलेला. फ्रिज बंद केला. मीटरला कान लावला, नळाला लावला, शेजारच्यांच्या भिंतीला लावला. शेवटी स्क्रू ड्रायव्हर नुसताच कानामागे धरला, टोक हवेत. घूंऽऽ. आता जन्मभर मी प्रत्येकावर संशय घेतला, पण हवेवर कसा घ्यायचा?

गुरुवारी गाडी आली. गेलो. मशीनला टोक लावलं, जो आवाज आला त्यातून माझा वजा केला. वजाबाकी चौथीपर्यंत होते. म्हटलं, दुसरी बेरिंग. दुसरीच निघाली.

घरी येऊन, कोणी बघत नाही असं बघून, डब्याच्या पत्र्याचा एक स्क्रू अर्धा आटा सैल केला. काल सुनेने वाट्या काढल्या, डबा ऐकला. "बाबा, परत आवाज येतोय का हो?"

म्हटलं, "येतोय ना? तेच सांगतोय मी, पोरी. माझ्या कानात काही नाही."