बिनधुराची भट्टी

...आणि वर मलाच विचारतात, 'काका, तुम्ही खूश का दिसत नाही?' अहो, तुम्हाला सांगतो, मी बेकरीवाला, वडिलांनी बांधलेली लाकडाची भट्टी, धूर म्हणाल तर डोळे चुरचुरणारा, पण पाव असा निघायचा की... जाऊ दे! तर एक दिवस बँकेतले साहेब आले, नाकाला रुमाल लावून. म्हणे, 'काका, तुमचा धूर देशाच्या छातीत जातोय! हरित कर्ज घ्या, व्याज कमी, विजेची भट्टी बसवा. देशासाठी, काका, देशासाठी!' आता देश मध्ये आणल्यावर आपण काय बोलणार? बायको म्हणाली, 'आधी वीज किती खाते ते तरी विचारा.' तर मी तिलाच गप्प केलं. हुशार ना मी!

जुनी भट्टी पाडली. कर्जाची अटच तशी, पाडतानाचा फोटो द्यायचा! वडील फुटपाथवर खुर्ची टाकून बघत बसले. नवी भट्टी आली, चकचकीत, कपाटाएवढी, बटण दाबलं... आख्ख्या गल्लीचे दिवे गेले! वीज कचेरीत धावलो, तर तिथल्या बाई नखं बघत म्हणतात, 'जादा वीज? मिळेल की, गल्लीत नवी केबल पडू दे.' कधी? 'पैसे आले की.' अहो, एवढा हरित पैसा आलाय ना देशात? 'तो भट्टीला. केबल हरित नसते.'

घ्या! बेकरी बंद, गिऱ्हाईक समोरच्याकडे, कारागीर समोरच्याकडे, नव्या भट्टीत बायकोने पांघरुणं रचलेली! वडील रोज रिकाम्या दुकानात जाऊन बसायचे, पीठ मळल्यासारखे नुसते हात हलवत... आणि एक दिवस हलवायचे थांबले. गेले. आठवडा होतोय तोच साहेब तपासणीला हजर! 'धूर?' शून्य. 'लाकूड?' शून्य. 'घरात खोकला कुणाला?' म्हटलं, वडिलांना होता, आता नाही. साहेबांनी लिहिलं, 'आरोग्यात सुधारणा.' अहो साहेब, ते वारले! 'आकडा तोच येतो हो, काका. देशासाठी!'

मग काय, मोठं सभागृह, शाश्वत विकासाची परिषद, पडद्यावर माझा फोटो, 'शंभर टक्के धूरमुक्त उद्योजक'! मी माईकवर म्हटलं, 'अहो, पण बेकरी बंद आहे...' तर टाळ्याच टाळ्या! म्हणे, काका काय विनोदी आहेत! साहेबांना बढती मिळाली, मला हप्ते. शेवटी त्यांनाच दया आली, मला कामाला लावलं. गावोगाव फिरायचं, भट्टीवाले हेरायचे आणि हे कर्ज त्यांच्या गळ्यात मारायचं, माणशी कमिशन. काय करता, पोट आहे...

बरं, तुम्ही हो, पहिल्या रांगेतले, मघापासून छान हसताय... धंदा कसला म्हणालात तुमचा?