झाडही टाके वाढवतं

(एप्रिल १९७४, नागपूर, धंतोली. मनकर्णाबाईंच्या मांडीवर नातू निजलेला. सून शामला एमएस्सीची तोंडी परीक्षा देऊन दारात.)

मनकर्णाबाई : चप्पल मंग काढ. तोंड उघडलं, का गेल्या सालासारखी बोलती बंद?

शामला : उघडलं, आत्याबाई. बाळाला द्या ना इकडे.

मनकर्णाबाई : राहू दे. आता नापास झाली तर कॉलेज बंद, असं तुह्या सासऱ्यानं सांगतलं आहे. सांग वं लवकर. काय इचारलं?

शामला : पाइनच्या खोडाची स्लाइड होती. साल आणि लाकूड यांच्यामध्ये पातळ थर असतो, कॅम्बियम. त्यातली पेशी दुभंगते. एक आत जाते, तिचं लाकूड होतं.

मनकर्णाबाई : अन् दुसरी?

शामला : ती तिथंच, पुन्हा दुभंगायला. अधूनमधून बाहेर सालीलाही एक देते.

मनकर्णाबाई : हे तर तू पोळ्या लाटताना घोकत होती.

शामला : हो ना. मग सरांनी चष्मा वर केला. म्हणाले, आत लाकूड वाढतं, घेर वाढतो. मग हा थर फाटत का नाही?

मनकर्णाबाई : काहून नाही फाटत?

शामला : उत्तर माहीत होतं, इंग्रजी सुचेना. गेल्या वर्षी अशीच तर अडकले होते!

मनकर्णाबाई : अगं माय!

शामला : तेवढ्यात बाळाचा स्वेटर आठवला. खांद्याशी आवळत होता, मी म्हटलं ओढून बसवू. तुम्ही अर्धा उसवलात.

मनकर्णाबाई : ओढून का बसते? घेर वाढला का टाके वाढवा लागते.

शामला : तेच बोलले, सरांच्या हिंदीत! "सर, फंदे बढ़ाने पड़ते हैं."

मनकर्णाबाई : मास्तरापुढं विणकाम? काय पोरगी आहे!

शामला : हसले सगळे. पण मी थांबले नाही. म्हटलं, लांब पेशी मधोमध तिरपी दुभंगते. मग दोघींची टोकं वाढत जातात, एकमेकींना घासून पुढं सरकतात आणि दोघी शेजारीशेजारी बसतात. थर ताणला जात नाही, त्यात पेशी वाढतात.

मनकर्णाबाई : मंग?

शामला : म्हणाले, "पास तर आहातच. पीएचडीचं काय?"

मनकर्णाबाई : पास! अवं, आंधी हे सांगाचं ना! अन् ते दुसरं, किती साल लागते?

शामला : चार. पाचही. पण मामंजी...

मनकर्णाबाई : त्यायची अट पास होण्यापर्यंतच होती.

शामला : विचारतील, सून कुठं आहे म्हणून.

मनकर्णाबाई : इचारू दे. चहा मी देतो त्यायले. तू बस अभ्यासाले.