दोन पेन्सिलींवरचं विमान

बसा, सगळे बसा. मागे खुर्च्या कमी पडल्यात, पण सतरंजी घातली आहे. दादा, तुम्हीही बसा. मी पडणार नाही. टेबलाला धरून उभी आहे.

तुम्ही सगळे आलात. कॉलनीतले आलात, ह्यांच्या बँकेतले आलात, मैदानावरचे विमानवाले आलात. तिवारीजी, तुम्हाला मराठी समजतं, मला ठाऊक आहे. जिथे नाही समजणार तिथे नेहमीसारखी मान हलवा.

उठावण्याला, तिसऱ्या दिवशी सगळे जमले तेव्हा, मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उभी राहिले आणि एकही शब्द आला नाही. परत बसले. आजही येतील की नाही, माहीत नव्हतं. मी भाषण करणारी बाई नाही. दहावीनंतर शाळा सुटली, पुढे जे मिळेल ते वाचत आले, एवढंच. हातात छापलेला कागद असला की माझा आवाज निघतो. आज हातात कागद नाही. म्हणून अडखळले तर सांभाळून घ्या.

खरं सांगू? मला अजून हे झालंय असं वाटतच नाही. काल दुपारी मी दोन कप चहा ओतला. दोन्ही कप घेऊन पुढच्या खोलीत गेले. तिथे माझी मुलगी बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मी कपांकडे.

फोटोशेजारी हे विमान ठेवलंय. ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. हे ह्यांनी हातानं बनवलं. थर्माकोलसारखा फोम असतो, त्याचं. हातातल्या रिमोटवर उडतं. ह्याचा प्रोपेलर पुढे नाही, मागे आहे. पंखांच्या मागून तो विमानाला ढकलतो. आधीच्या विमानांचे प्रोपेलर पुढे होते. उतरताना नाक जमिनीला लागायचं आणि दर खेपेला प्रोपेलर तुटायचा. हे कंटाळले. म्हणाले, “सुमन, आता तोडणारी वस्तू मागे नेतो. पुढे काय आपटायचं ते आपटू दे.”

आमची काम करायची एक रीत होती. मी वाचायचे, हे कापायचे. कुठून कुठून कागद आणायचे, इंग्रजीतले, हिंदीतले. म्हणायचे, “तू वाच, माझे हात चिकटलेत.” मी वाचायचे. सुरुवातीला अर्धं कळायचं नाही. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचे. कळायला लागलं तसं मीच म्हणायला लागले, “थांबा, आधी हे वाचू द्या, मग चाकू लावा.”

ह्या विमानाच्या वेळची गोष्ट सांगते. तिवारीजी हसतायत, त्यांना कळलं कोणती ते. प्रोपेलरच्या एका बाजूला बारीक अक्षरं असतात. ती बाजू विमानाच्या नाकाकडे यायला हवी, असं कागदात होतं. मी वाचून दाखवलं. हे म्हणाले, “ते पुढे प्रोपेलर असतो त्यांच्यासाठी. आपला मागून ढकलतो, म्हणजे आपण उलटा बसवायचा.” इतकं व्यवस्थित समजावलं की मलाही पटलं. तिवारीजींनाही पटलं. सगळ्या मैदानाला पटलं. मग ह्यांनी विमान हातातून सोडलं. आवाज असा, की मिक्सरमध्ये हळद दळतायत. आणि विमान समोरच्या गवतात जाऊन बसलं, जसं कोणी पाहुणा येऊन बसतो.

तिवारीजी काय म्हणाले? “भाईसाहब, इसे छत से लटका दो, गर्मी में काम आएगा.”

सगळ्यात जास्त हे हसले. तिथेच मांडी घालून बसले, प्रोपेलर काढला, फिरवून लावला, आणि विमान उडालं. खूप वर गेलं. मान वर करून मला म्हणाले, “छापलेलं खरं होतं गं.” मी म्हटलं, “मलाही तुमचंच पटलं होतं.” तेव्हा म्हणाले, “मग आपण दोघं मिळून चुकलो. छान झालं.”

आता दोन पेन्सिलींचं सांगते. विमान उडवायच्या आधी त्याचा तोल बघावा लागतो. दोन्ही पंखांखाली ठरलेल्या जागी एकेक बोट धरायचं. विमान सरळ राहिलं तर ठीक. शेपटी खाली गेली तर ते उडवायचं नाही. वर जातं, हवेतच थबकतं आणि दगडासारखं खाली येतं. आमच्या घरी ती दोन बोटं माझी होती. स्वयंपाक अर्धा टाकून मी उभी. “अहो, भात लागतोय!” “लागू दे. नाक खाली जातंय की शेपटी, ते सांग.” किती भात लागले आमच्या घरी! शेवटी मीच चिडले. तेव्हा ह्यांनी लाकडाच्या फळीत दोन पेन्सिली उभ्या रोवल्या, खोडरबरची टोकं वर. म्हणाले, “घे, तुझ्या बोटांना सुट्टी.” त्याच ह्या पेन्सिली.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी ह्यांनी विमानाला मोठी मोटर बसवली होती. मैदानात वारा फार, जुनी मोटर वर चढताना दमायची. नवी मोटर जड, आणि ती मागे. पेन्सिलींवर ठेवल्याबरोबर शेपटी खाली. बॅटरी पार नाकापर्यंत सरकवली, तरी शेपटी खालीच. मी म्हटलं, “जुनीच लावा परत.” म्हणाले, “नाही. नाकाला थोडं शिसं लावू, बस.” गाडीच्या चाकाचा तोल साधायला टायरवाले शिशाचे छोटे तुकडे लावतात. ते आणायला नानाखेड्याच्या टायरवाल्याकडे निघाले. जाताना दारातून वळले. म्हणाले, “ह्याला हलवू नकोस. येतोच.”

येतोच.

मी पोळ्या लाटत होते. फोन ह्यांचाच वाजला, म्हणजे नाव ह्यांचं आलं. मी म्हटलं, “काय विसरलात?” पलीकडून कोणी दुसरंच बोलत होतं. “आंटीजी, अंकलजी स्टूल पे बैठे थे, पानी माँगा, और… आप आ जाओ.”

मी गॅस बंद केला. आणि मग खिडकी लावली. आमच्याकडे मांजर खिडकीतून येतं, विमान पाडेल म्हणून. तसल्या घाईत मी खिडकीची कडी लावली! ह्याचं मला अजून नवल वाटतं. मला तेव्हा वाटत होतं, हे परत आल्यावर विचारतील, “हललं तर नाही ना?”

हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर काहीतरी समजावत होते. मला त्यांचे ओठ दिसत होते. एका सिस्टरनं पिशवी हातात दिली. घड्याळ, चष्मा, स्कूटरची किल्ली. आणि रुमालाची गाठ. गाठ जड होती. मी उघडली नाही. हाताला लागल्याबरोबर कळलं, शिसं आहे.

ह्यांना घरी आणलं, पुढच्याच खोलीत ठेवलं. विमानाच्या टेबलाशेजारी. हे सरळ निजलेले, आणि वर ते विमान, शेपटी खाली टाकून बसलेलं. बायका म्हणाल्या, टेबल आत न्या, जागा करा. मी म्हटलं, त्याला कोणी हात लावायचा नाही. लोकांना वाटलं, माझं डोकं ठिकाणावर नाही. नव्हतंच. पण सांगितलेलं मला आठवत होतं. त्या खोलीत गाद्या घातल्या, ताटं वाढली, तेरावा झाला. विमान तिथेच. मी त्याच्या भोवतीनं झाडू मारायचे.

आता दादांचं म्हणणं सांगते. दादा म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, समोर बसलेत. त्यांचं म्हणणं, विमान ह्या सभागृहात काचेच्या पेटीत ठेवावं. खाली नाव लिहावं. “सुमन, त्याच्या हातची ही शेवटची वस्तू. मैदानात आपटली तर काय उरेल आपल्याकडे?” मैदानवाले म्हणतात, एकदा तरी उडवू, मग काय ते. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, सभेत सांगते. दादा बोलले की मला त्यांचं पटायचं, तिवारीजी बोलले की त्यांचं.

काल तिवारीजी विमान न्यायला आले. मी म्हटलं, फळीसकट उचला, विमान पेन्सिलींवरून काढू नका. ते ऑटोत मांडीवर घेऊन बसले. ऑटोवाल्याला सारखे सांगत होते, “भैया, धीरे, बिलकुल धीरे.” इथे टेबलावर ठेवलं, तेव्हाही शेपटी खालीच होती. मी डोळ्यांनी बघितलं.

आज मी दारातून आत आले. तुमच्यापैकी कोणीतरी फोटोला हार घातलाय. आणि एक छोटीशी माळ, मोगऱ्याची, विमानाच्या नाकाला घातली आहे. कोणी घातली, मला माहीत नाही. प्रेमानंच घातली असणार.

बघा जरा विमानाकडे. सगळे बघा.

सरळ आहे.

मी दारातच थांबले. तुम्हाला वाटलं, फोटो बघून थांबले. फोटो मी बघितलाच नव्हता. विमान दोन पेन्सिलींवर सरळ उभं होतं. जसं माझ्या बोटांवर राहायचं. मी इतकी दचकले की मागे वळून बघितलं. वाटलं, हे आत आलेत आणि विचारतायत, नाक की शेपटी?

दादा, रागावू नका. फुलांचं वजन संध्याकाळपर्यंत उतरेल. मोगरा सुकेल आणि शेपटी परत खाली जाईल. काचेच्या पेटीत हे विमान जन्मभर तसंच कलून बसेल. येणारे जाणारे खाली नाव वाचतील आणि ह्यांचं काम अर्धं बघतील. ते मला चालणार नाही. आपटलं तर आपटेल. हे असतानाही आपटायचंच की. तेव्हा मी वाचायचे आणि हे कापायचे. आता मी वाचेन आणि तिवारीजी कापतील. मान हलवू नका तिवारीजी, हे तुम्हाला नीट समजलंय.

विमान उडणार. सकाळी, वारा कमी असताना.

हा तो रुमाल. गाठ मी अजून सोडलेली नाही. आत किती तुकडे आहेत, पुरतील की नाही, मला माहीत नाही. ह्यांनी अंदाजानंच घेतले असणार. पण फुलांनी जमलं, तर शिशानंही जमेल.

आता मी ही माळ काढून फोटोला घालते. शेपटी खाली जाईल, घाबरू नका. मग एकेक तुकडा नाकावर ठेवत जाईन.

आपण सगळे उभे राहू या. किती वेळ, ते मी सांगणार नाही. विमान सरळ होईपर्यंत कोणी बोलू नका. पंखे तेवढे बंद करा कोणीतरी, वाऱ्यानं हलतं.

अहो, तुम्ही सांगितलं होतं, हलवू नकोस. मी हलवलं नाही. आता लावते.