बंडूसाठी लिफ्ट

आणि वर मलाच म्हणतात, "शिक जरा त्याच्याकडून!" त्याच्याकडून म्हणजे कोणाकडून? आमच्या कुत्र्याकडून! मी कॉलेजात वादविवादाच्या ढाली आणलेली मुलगी, अन्याय नुसता दिसला तरी माझी कानशिलं तापतात, आणि मी शिकायचं कोणाकडून, तर ज्याला स्वतःची शेपूट अचानक दिसली की आजही दचकायला होतं त्याच्याकडून! पण नाही, तुम्हीच ऐका आणि तुम्हीच ठरवा. बसा ना. …बघितलंत? बसा म्हटलं तुम्हाला, आणि बसला तो. हे असं!

मुळात मी त्याचं नाव ठेवलं होतं बंडखोर. म्हटलं, निदान घरात एक तरी माझ्या बाजूचा असावा. आई म्हणाली, "एवढं लांबलचक नाव हाकारेपर्यंत तो जेवून झोपेल," आणि चार दिवसांत त्याचं बंडू करून टाकलं. नाव गेलं ते गेलं, गुणही गेले. तुम्हाला सांगते, इतका सज्जन जीव मी माणसांतसुद्धा पाहिलेला नाही. सकाळी फिरायला निघतो आम्ही, सिग्नल लाल, रस्त्यावर चिटपाखरू नाही, माझा एक पाय खाली पडलेलासुद्धा, "चल चल चल, कोणी नाहीये," म्हणून पट्टा ओढते, तर पट्टा येतच नाही! मागे बघते तर हा फुटपाथवर मांडी ठोकून… म्हणजे कुत्र्यांना जशी ठोकता येते तशी. दिवा हिरवा झाल्याशिवाय उठायचं नाव नाही. आणि कोपऱ्यावरचा वाहतूक पोलीस शिट्टी तोंडातून काढून काय म्हणतो? "ताई, शिका जरा त्याच्याकडून!"

बेकरीत तेच. "थांब" म्हटलं की दाराबाहेर थांबतो, आत डोकावतसुद्धा नाही. आत मी रांग मोडून घुसलेल्या एका गृहस्थांशी भांडतेय, "तुम्हाला काय वेगळा कायदा आहे का हो? आम्ही इथे शोभेला उभे आहोत?" आणि बेकरीवाला काचेतून बाहेर बघत, अगदी हळुवार आवाजात, "कुत्रा किती शांत आहे हो तुमचा." 'कुत्रा'वर जोर! मला कळत नाही का?

बरं, ते जाऊ दे. मुद्दा लिफ्टचा आहे.

आम्ही राहतो पाचव्या मजल्यावर. लिफ्टबाहेर पाटी, "पाळीव प्राण्यांना मनाई." बंडू पिल्लू होता तेव्हा एकदा माझ्या मागोमाग दुडुदुडु आत शिरायला लागला, तर नेमके समोर सेक्रेटरीकाका. एक हात पोटावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट वर, "अंऽऽ हं!" संपलं! एवढंच! ना आरडाओरडा, ना काठी. त्या दिवसापासून आमच्या बंडखोराने लिफ्टच्या उंबऱ्याला नखसुद्धा लावलं नाही. मी लिफ्टने जायची, तो जिन्याने पळायचा, आणि पाचव्यावर दार उघडलं की हा आधीच हजर. जीभ बाहेर, शेपटीचा पंखा चालू, "किती गं उशीर केलास!" अशा चेहऱ्याने. वर्षानुवर्षं हेच. एकदाही हरला नाही.

पण तो म्हातारा झाला हो. कधी झाला कळलंच नाही, मी दुसरीकडेच कुठेतरी भांडत असणार. मागचे पाय थरथरायला लागले. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "खुबे झिजलेत. जिना बंद म्हणजे बंद. पण फिरणं थांबवू नका, फिरणं थांबलं की पाय गेलेच समजा." म्हणजे खाली तर उतरायचंच आणि जिना तर चढायचा नाही! मग राहिलं काय? मी!

तुम्ही कधी पूर्ण वाढीचा कुत्रा उचलून पाच मजले चढलायत? नाही ना? मग मला शिकवू नका. पहिल्या मजल्याला वाटतं, जमतंय की. दुसऱ्याला पाठ विचारते, नक्की कुठवर? तिसऱ्याला डोळ्यांपुढे काजवे. आणि तो? माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून मागून चढणाऱ्यांकडे असा बघतो, जसा काही उद्घाटनालाच निघालाय! त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी, यांना माझी चाहूल कुठून लागते देव जाणे, बरोब्बर दार उघडतात. "अगंबाई, केवढी धापा टाकतेस! तो बघ कसा शांत. शिक जरा त्याच्याकडून!" अहो मावशी, तो शांत आहे कारण तो चढत नाहीये!

आईचं वेगळंच. "दुपारी चिटपाखरू नसतं. गुपचूप ने लिफ्टने."

"गुपचूप? आई, गुपचूप? हक्क आहे त्याचा! आज आपण चोरून लिफ्ट वापरली तर उद्या…"

"उद्या तुझी कंबर शाबूत राहील."

पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही? मी सरळ सेक्रेटरीकाकांकडे गेले. म्हटलं, काका, नियम माणसांसाठी असतात की माणसं नियमांसाठी? तर म्हणाले, "हा नियम कुत्र्यांसाठी आहे." म्हटलं, तो आजारी आहे. तर म्हणाले, "मला वाईट वाटतं गं पोरी, पण आज एकाला सूट दिली की उद्या कोणी घोडा आणेल." घोडा! चौथ्या मजल्यावरच्यांना धड मनीप्लांट जगवता येत नाही, ते घोडा आणणारेत!

मग ठरवलं. नियम मोडायचा. पण उघड! रविवारी सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दारोदार जाऊन सांगून आले. आणि लोक आले हो! कमिटी झाडून हजर, मावशी तर बसायला स्टूल घेऊन. मी बंडूला कडेवरून खाली ठेवलं आणि लिफ्टच्या दारात उभं राहून बोलले. काय बोलले! पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय, मुक्या जिवांचा आवाज, बंद दारं… एका काकांनी तर चष्मा पुसला. मग मी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं, हात पसरले आणि गरजले, "ये बंडू!"

बंडूने माझ्याकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. सेक्रेटरीकाकांकडे पाहिलं.

आणि बसला.

"ये ना रे!" नाही. बिस्किट दाखवलं. लाळ गळतेय, पण बूड हलत नाही! सेक्रेटरीकाकांना बोट वर करायचीसुद्धा गरज पडली नाही हो! ज्याच्यासाठी मी सगळ्या इमारतीशी वैर घेतलं तोच त्यांच्या बाजूला जाऊन बसला! लोक हसायला लागले. दार मिटायला बघतंय, मी पाय घालून अडवतेय, लिफ्ट टिंगटिंग बोंबलतेय, मावशी स्टुलावरून, "शिक जरा त्याच्याकडून!" आणि माझं डोकं जे फिरलं, मी त्या बटणांच्या पट्टीवर अशी बुक्की मारली, की सगळी बटणं एकदम पेटली, पाय कधी आत आला कळलं नाही, दार बंद, लिफ्ट हातभर वर उडाली, कचकन थांबली… आणि दिवा गेला.

अंधार. आत मी आणि हातात बिस्किट.

बाहेर पळापळ. "मेकॅनिकला फोन करा!" "केलाय, निघालाय." मी आतून, "हा कट आहे!" पण तेवढ्यात, तुम्हाला सांगते, मला एक आवाज आला. टिक्… टिक्… टिक्. नखं. जिन्यावर.

कळलं का तुम्हाला? लिफ्टचं दार लागलं म्हणजे मी वर गेले! आणि मी वर गेले म्हणजे त्याने पाचव्यावर आधी पोचायचं! एवढंच त्याला आयुष्यभर माहीत!

"बंडू, थांब!" मी ओरडले. ज्या एका शब्दावर तो बेकरीबाहेर पावसात उभा राहतो, तो शब्द. टिक्… टिक्… "बंडू! मी इथेच आहे रे! खालीच आहे!" मावशींचा आवाज, "अगंबाई, चढतोय की हा… अरे पडला… उठला बघा." मग सेक्रेटरीकाकांचा ठेवणीतला, "अंऽऽ हं!"

टिक्.

"अंऽऽ हं! अरे…" काकांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. "ऐकत नाहीये हो हा."

ऐकत नव्हता! जन्मात पहिल्यांदा! ज्याचं नाव मी बंडखोर ठेवलं त्याने बंड केलं, आणि मला ते बघता येईना, नुसती दारावर थापा मारत रडतेय मी, "उचला ना त्याला कोणीतरी, हात जोडते, उचला!" मग धप धप पावलं, एक मोठ्ठं "हुप्प!" आणि काका धापा टाकत, "आहे… आहे माझ्याकडे. गप हो आता. केवढा जड आहे हा! आणि हे तू रोज…? पाच मजले?"

काकांनी जरा दम घेतला. मग काकाच म्हणाले, "कमिटीचे किती जण आहेत इथे?"

"सगळेच आहोत की. तमाशा बघायला आलो होतो."

"मग करा हात वर. बंडूला आजपासून लिफ्ट."

आत अंधारात मीही केला हो हात वर. बिस्किटासकट. आणि मग राहवेना म्हणून दारावर बुक्की ठोकून आरोळी मारली, "जिंकलो!" लिफ्ट अशी काही कुरकुरली!

"ए! ए! ठोकू नकोस!" काका ओरडले. मावशींना तेवढंच हवं होतं. "कुत्र्याचं झालं. हिचं काय करायचं? मोडून ठेवेल ही लिफ्ट."

"हा अन्याय आहे!" मी आतून. "मला बाजू मांडू द्या!"

"मांड की. बाहेर ये आणि मांड." सगळे खो खो.

मग कोणीतरी म्हणालं, "कुत्रा बरोबर असला की ती जरा बरी वागते, नाही का? निदान सिग्नलला तरी थांबते." आणि पुन्हा हात वर झाले असणार, कारण काकांनी माझ्यासाठी मोठ्याने सांगितलं, "पोरी, ऐक! तुलाही लिफ्ट. पण कुत्रा सोबत असेल तरच. एकटीने नाही!"

मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा बंडू काकांच्या कडेवर. माझ्याकडे बघून शेपटीचा पंखा, काकांचा चष्मा उडाला. तरी काकांनी लिफ्ट पुन्हा चालू झाल्यावर आत जाऊन बोट खाली केलं, "ये रे बाळा," आणि हा गेला की टुकटुक आत! मी घसा फोडला तेव्हा नाही!

असो. आता रोज सकाळी आम्ही दोघं लिफ्टने खाली येतो. फिरतो, सिग्नलला थांबतो, लिफ्टने वर जातो. काही तक्रार नाही. म्हणजे आहे, अपील करणार आहे मी, माणसाला कुत्र्याच्या जामिनावर सोडायचं ही काय लोकशाही झाली? पण काल ऑफिसातून आले, पाय मोडून आलेले, एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात भाजीची पिशवी, लिफ्ट समोर उघडी, रिकामी, आणि बाजूला स्टुलावर मावशी. हो, ते स्टूल आता तिथेच असतं. काय करणार? आईला फोन लावला.

"आई, बंडूला जरा खाली पाठव ना. मला वर यायचंय."

"अगं, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. उठवू का?"

बघितलं एकदा जिन्याकडे.

म्हटलं, "नको. झोपू दे. येते मी चढून."