अकरावं नाव

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या नेत्ररुग्णालयाच्या संचालक डॉक्टर मॅडम, व्यासपीठावरचे विश्वस्त आणि पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते संगणक विभागाचे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि समोरच्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो,

नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला साहेबांच्या निरोपाला बोलायला का उभं केलं, असं पुष्कळांच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. मी साहेबांनाच विचारलं, तर म्हणाले, "माझ्याशी भांडलेलं एक तरी माणूस बोलू दे. बाकीचे आज नुसते गोड बोलणार." मंडळी, हे मत त्यांचं आहे, माझं नाही.

तर आता ते भांडणच सांगते. सांगताना अजूनही मला धीर धरवत नाही. फार भरभर बोलायला लागले, तर हात वर करा.

आपल्याकडे बुबुळ मिळण्यासाठी जी प्रतीक्षायादी असते, ती लावणारा प्रोग्राम माझ्या यजमानांनी लिहिला. हे साहेबांच्याच हाताखाली कामाला होते. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं होतील. हे गेले आणि कपाटात त्यांची प्रोग्रामिंगची पुस्तकं राहिली. द्यायची कुणाला? म्हणून मीच वाचायला घेतली. पहिल्या वर्षी एका पानाला आठवडा लागायचा. शिकवायला कुणी नव्हतं आणि घाईही नव्हती.

यादीचा नियम साधा आहे. ज्याची निकड जास्त तो वर. निकड सारखी असेल, तर ज्याने आधी नाव नोंदवलं तो आधी. मागच्या वर्षी आपल्या संगणकावर त्या प्रोग्रामच्या भाषेचं नवं व्हर्जन घातलं आणि दुसऱ्याच दिवशी एक शिंपीकाका खिडकीशी आले. एका डोळ्यावर सुईत दोरा ओवणारा माणूस. म्हणाले, "ताई, काल माझा नंबर दुसरा होता, आज नववा कसा? मधले सात जण काय माझ्या डोक्यावरून उडी मारून गेले?"

मी हाताने लिहिलेलं रजिस्टर काढलं. काका बरोबर होते. डॉक्टर मॅडमनी तिथल्या तिथे यादी थांबवली आणि रजिस्टरवरून काम सुरू केलं, म्हणून कुणाची पाळी चुकली नाही. पण विभागाला शनिवारी अहवाल द्यायचा होता, आणि साहेबांच्या कच्च्या खर्ड्यात एक ओळ होती. 'मूळ प्रोग्राम सदोष असल्याने तो बंद करावा.'

मूळ प्रोग्राम. म्हणजे हे.

मी तडक वर गेले. म्हटलं, "साहेब, इतकी वर्षं एक नाव इकडचं तिकडे झालं नाही. सदोष कसा?"

"बाई, नवऱ्याची बाजू घेऊन प्रोग्राम सुधारत नसतो."

"आणि न तपासता कुणाच्या माथी मारूनही सुधारत नसतो."

वहिनी, हसू नका. मला नंतर जिन्यात घाम फुटला होता.

जेवणाच्या सुट्टीत भाषेची जुनी आणि नवी माहितीपुस्तिका शेजारी शेजारी ठेवली आणि पट्टी लावून ओळ न् ओळ वाचली. नावं क्रमाने लावणाऱ्या फंक्शनचं पान दोन्हीकडे शब्दशः सारखं. नव्या पुस्तिकेत 'काय बदललं' अशी एक लांबलचक यादी होती, तिच्यातही या फंक्शनचा उल्लेख नाही. साहेब म्हणाले, "झालं समाधान? काही बदललेलं नाही." मी म्हटलं, "कागदावर नाही. यंत्रात बघू या."

जुनं व्हर्जन असलेला कोठीतला संगणक वर आणला. साहेबांनी सारख्या निकडीची पाच नावं दोन्ही संगणकांत घातली. दोन्हीकडे क्रम तसाच राहिला. साहेबांनी नुसतं "हं" केलं आणि चष्मा काढून ठेवला. मी खाली निघाले. अर्ध्या जिन्यात एकदम डोक्यात आलं, अहो, आपल्या यादीत तर एक्केचाळीस माणसं आहेत! तशीच परत फिरले.

"साहेब, पाचाऐवजी एक्केचाळीस घाला ना."

"पाचाला जे करतं, तेच एक्केचाळिसाला करणार."

"बघायला काय जातंय?"

घातली. आणि नव्या संगणकाने त्या नावांचा असा काला केला म्हणता! मग आम्ही खालून एकेक नाव वाढवत गेलो. सहा, ठीक. आठ, ठीक. दहा, ठीक. अकरावं नाव घातलं, आणि पहिलं नाव थेट सहावं जाऊन बसलं! साहेब खुर्चीतून उठले. या साहेबांना कुणी धावताना पाहिलंय का? मी पाहिलं. टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले. "पुन्हा घाला! बाई, पुन्हा घाला!" पाच वेळा घातलं. म्हणजे दहा नावांपर्यंत एक रीत, त्यापुढे दुसरी, वेगवान रीत, आणि तिच्यात सारख्या निकडीच्या नावांचा क्रम मोडतो. आणि हे कुठेच लिहिलेलं नाही!

पण एक गोष्ट मला आज झाकायची नाही. सारख्यांचा क्रम तसाच राहील, असं जुन्या पुस्तिकेतही कुठे म्हटलेलं नव्हतं. राहत होता, एवढंच. ह्यांनी ते गृहीत धरलं. साहेबांनी हे मला हळू आवाजात सांगितलं. त्या दिवशी घरी जाऊन मी ह्यांच्याशी मनातल्या मनात कडाडून भांडले. गेल्यानंतर पहिल्यांदाच. बरं वाटलं.

शनिवारी अहवालात ती ओळ नव्हती. तिच्या जागी होतं: 'नव्या व्हर्जनमध्ये फंक्शनचं वागणं बदललं, ते कुणी नोंदवलं नाही. मूळ प्रोग्राममध्ये एक गोष्ट गृहीत धरली होती. माझी पहिली चाचणी पाच नावांची होती, ती अपुरी होती.' खाली साहेबांची सही. पंचवीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाने स्वतःबद्दल असं लिहिलं. कितीजण लिहितील?

दुरुस्ती एका ओळीची होती. निकड सारखी असेल, तर नोंदणी क्रमांक बघ. साहेबांनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. मी ओळ टाइप करून उठायला लागले, तर म्हणाले, "बसा. प्रोग्रामच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. त्याच्या खाली दुरुस्त करणाऱ्याचं घाला."

लग्नपत्रिकेनंतर आमची दोघांची नावं एका जागी आली, ती त्या दिवशी. साहेब, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते. ते आज सगळ्यांसमोर मानते.

मॅडमनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, तुमचीही मी ऋणी आहे. उत्साहाच्या भरात अधिक उणं बोलले असेन, तर आपलं माणूस समजून पोटात घाला.